मोठ्या कासवाचे कवच : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न सुल्काटा, लेपर्ड अशा जमिनीवर राहणाऱ्या मोठ्या कासवांच्या कवचाबद्दल आहेत. उत्तरांमध्ये कवचाच्या रचनेचा उल्लेख पुन्हापुन्हा येईल, म्हणून ती आधी सांगतो. वरचे खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच पदार्थाचे. त्यांच्या खाली जिवंत पेशींचा पातळ पदर आणि त्याखाली हाड. पाठीचा कणा आणि बरगड्या या हाडाशी एकजीव झालेल्या असतात आणि फुप्फुसे पाठीच्या कवचाला आतून लागून असतात. कवचाला स्पर्श कळतो, दुखते आणि खोल जखम झाली तर रक्तही येते.

प्रश्न : आमच्या सुल्काटाचे वजन ३८ किलो आहे. पाठीच्या एका खवल्यावर अंगठ्याच्या पेराएवढा पांढुरका डाग पडला आहे. नखाने खरवडले की भुगा निघतो. वास नाही, खाणे व्यवस्थित आहे. ही बुरशी आहे का? घरी काय करता येईल?

उत्तर : बुरशी असू शकते, जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. नुसते बघून हा फरक सांगता येत नाही. डाग किती खोल आहे, हे मात्र तुम्हाला घरी तपासता येते आणि पुढचा निर्णय त्यावरच ठरतो.

डाग धुऊन पुसून कोरडा करा आणि अंगठ्याने दाबा. तळ टणक लागला, ओल नाही, वास नाही, तर खराबी बहुधा केराटिनपुरती आहे. तळ दबतो आहे, कडेने गुलाबी किंवा तपकिरी पाणी येते आहे, घाण वास आहे, खवल्याची कड उचकटली आहे किंवा खाली खडबडीत फिकट हाड दिसते आहे, तर संसर्ग हाडापर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या आणि जाण्याआधी जखमेवर कोणतेही जंतुनाशक लावू नका. तपासणीसाठी खोलातला नमुना घ्यावा लागतो. आदल्या रात्री आयोडीन चोळलेले असेल तर त्या नमुन्यात जंतू वाढतच नाहीत आणि नेमके प्रतिजैविक ठरवता येत नाही.

डाग वरवरचा असेल तर घरी हे करा. आधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. डागाच्या कडेला, चांगल्या खवल्यावर, पेन्सिलने रेघ ओढा. डाग पसरतो आहे की थांबला आहे हे या रेघेवरून कळेल, आठवणीवर विसंबू नका. मग कोमट पाणी आणि मऊ दातब्रशने माती काढा. बोथट लाकडी पट्टीने सहज सुटेल तेवढाच भुगा काढा. जोर लावावा लागला किंवा लालसर ठिपका दिसला की थांबा. १० टक्के पोव्हिडोन आयोडीनच्या एका भागात नऊ भाग पाणी मिसळा, द्रावण फिक्या चहाच्या रंगाचे दिसेल. त्यात कापूस भिजवून डागावर १० मिनिटे ठेवा, मग साध्या पाण्याने धुऊन पुसा. तासभर कासव कोरड्या जागी राहू द्या. पशुवैद्याने सांगितले असेल तर त्यानंतर सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुनाशक मलमाचा अगदी पातळ थर लावा. जाड थरात माती अडकते आणि त्याखाली ओल राहते. दिवसातून एकदा, दोन आठवडे.

आयोडीनऐवजी क्लोरहेक्सिडिन चालते. २ टक्के द्रावणातले ५ मिली १९५ मिली पाण्यात घ्या आणि डोळ्यांत, कानांजवळ जाऊ देऊ नका. दोन्ही औषधे एकत्र वापरू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटते, पण रोज वापरले तर नवी वाढणारी पेशीसुद्धा मरते.

दोन आठवड्यांनी तळ कोरडा, टणक आणि रेघेच्या आत असेल तर उपचार लागू पडला. खड्डा मात्र लगेच भरत नाही. नवे केराटिन खालून आणि कडेने येते, त्याला महिने लागतात, आणि उंचसखलपणा अनेक वर्षे दिसत राहतो. तो आजार नव्हे.

एवढ्यावर थांबू नका. डाग तिथेच का पडला? रात्रीच्या खोलीत छतावरून पाणी ठिबकते का, कासव एकाच खडबडीत भिंतीला घासते का, अंथरूण लघवीने ओले राहते का, रात्री थंडी आणि ओल एकत्र असते का, हे बघा. उपचार चालू असताना दिवसा सभोवतालचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्री २५ च्या खाली नको. थंड पडलेल्या कासवाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि औषधेही नीट काम करत नाहीत.

प्रश्न : पाठीच्या अगदी वरच्या दोन खवल्यांची चमक गेली आहे, त्यांना बारीक तडे आहेत आणि एकाची कड उचलली गेली आहे. बाकी कवच उत्तम आहे. कासव १५ वर्षांचे, रात्री उष्णतेच्या दिव्याखाली झोपते.

उत्तर : सर्वांत उंच भाग तेवढाच खराब आणि वर दिवा. भाजल्याचा संशय आधी घ्यावा. मोठ्या कासवांत हे वारंवार होते आणि त्याचे कारण साध्या भूमितीत आहे. दिवा जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर टांगला तेव्हा कासवाची उंची २० सेंटिमीटर होती असे धरा, म्हणजे पाठ दिव्यापासून ४० सेंटिमीटरवर होती. कासव ३५ सेंटिमीटर उंच झाले की अंतर २५ वर येते. छोट्या दिव्याची उष्णता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे पाठीवर जवळजवळ अडीच पट मारा. जमिनीवरचा तापमापक मात्र पूर्वीचाच आकडा दाखवतो!

मग कासव बाजूला का होत नाही? अरुंद झोताचा दिवा पाठीचा तळहाताएवढा भाग तापवतो, पण ४० किलोचा देह आणि पोटाची बाजू थंडच राहते. अंग तापलेले नसल्यामुळे ते ऊब मिळेल या आशेने तिथेच बसून राहते आणि वरचे कवच करपत जाते. भाजल्याचे परिणाम उशिरा दिसतात. आधी खवला निस्तेज होतो, काही आठवड्यांनी सुटतो, खाली मेलेले फिकट हाड दिसते. नुकसान नेमके कुठपर्यंत आहे हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

आजच दिवा बंद करा आणि ऊब देण्याची पद्धत बदला. एका तीव्र दिव्याऐवजी कमी वॅटचे, रुंद झोताचे तीन-चार दिवे अशा अंतरावर लावा की कासवाची पूर्ण लांबी-रुंदी सारखी तापेल. झोपायच्या खोलीत छताला लावायचे उष्णता-पॅनेल त्याहून बरे. थर्मोस्टॅटची (तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाची) तार कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, पण पॅनेलला चिकटवून नको. इन्फ्रारेड तापमापकाने थेट कवचावर मोजा. अर्धा तास बसलेल्या कासवाच्या पाठीचा सर्वांत गरम बिंदू ३८ अंशांच्या आसपास हवा. ४० ओलांडले तर दिवा वर घ्या. हे मोजमाप दर सहा महिन्यांनी पुन्हा करा, कारण कासव वाढते, दिवा जागचा हलत नाही.

उचललेला खवला ओढून काढू नका. खाली ओल नसेल तर तो जखमेचे झाकण म्हणून उपयोगी आहे. ओल किंवा वास असेल तर पशुवैद्य भूल आणि वेदनाशामक देऊन मेलेला भाग काढतील. हाडाचा वरचा थर मेला असेल तर त्याच्या खाली नवे आवरण तयार होत जाते आणि मेलेला तुकडा महिन्यांनी, कधी वर्षांनी, आपोआप गळतो. तो खाली टणक, कोरडे आवरण तयार झाल्यावर पडला तर घाबरू नका.

प्रश्न : खवल्यांच्या मधल्या फटीत पांढऱ्या रेषा दिसतात. बुरशी?

उत्तर : सरळ, सारख्या रुंदीच्या, टणक आणि सगळ्या खवल्यांभोवती असतील तर ती नवी वाढ आहे. ब्रशने जोरात घासू नका, तो भाग नाजूक असतो. एखाद्याच फटीत, वेडीवाकडी, मऊ किंवा ओलसर रेष असेल तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बघा.

प्रश्न : पाठीवर उंचवटे आले आहेत. तेल चोळल्याने कवच सपाट होईल का?

उत्तर : नाही. तेल, व्हॅसलीन, बाजारातली कवच चमकवणारी द्रावणे, यांपैकी काहीही उंचवटे कमी करत नाही. तेलाने धूळ चिकटते आणि फटींत घाण साचते. रंग आणि व्हार्निश तर लावूच नका.

या उंचवट्यांना पिरॅमिडिंग म्हणतात. अनेक वर्षे सगळा दोष जास्त प्रथिनांना दिला जात होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुल्काटा पिल्लांवरच्या प्रयोगात हवेतल्या ओलाव्याचा परिणाम प्रथिनांपेक्षा बराच मोठा आढळला. कोरड्या हवेत, विशेषतः दिव्याखाली, वाढत्या कडेचे केराटिन लवकर सुकून कडक होते आणि नवी वाढ आडवी पसरण्याऐवजी खाली दाबली जाते. त्यात कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) कमी पडले तर हाडही वाकते आणि प्रकरण गंभीर होते.

एकदा आलेला उंचवटा जन्मभर राहतो. कवच टणक असेल, चाल सरळ असेल, तर त्याचा कासवाला फारसा त्रास नाही. तुमचे कासव अजून वाढत असेल तर पुढची वाढ सपाट करता येते. त्यासाठी पिल्लांना ८० टक्क्यांच्या आसपास ओलाव्याचा निवारा आणि रोज १५ ते २० मिनिटे कोमट पाण्यात बसवणे. पाणी पाठीच्या आणि पोटाच्या कवचाच्या सांध्यापर्यंत, डोके सहज वर राहील इतकेच. मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा उथळ पाणी आणि रात्री दमट, पण उबदार निवारा पुरतो. दमट आणि थंड हे एकत्र आले की कवच कुजणे आणि न्यूमोनिया दोन्हींना आमंत्रण मिळते.

प्रश्न : ४५ किलोच्या कासवाचे पोट तपासायचे कसे? उलटे करावे का?

उत्तर : उलटे करू नका. पाठीवर पडलेल्या कासवाची आतडी आणि इतर अवयव फुप्फुसांवर दाबले जातात, आणि एवढ्या वजनाला हा दाब मोठा असतो. एकट्याने उचलूही नका, तुमची पाठ जाईल आणि कासव हातून सुटेल ते वेगळेच.

दोघांनी दोन्ही बाजूंनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधल्या भागाखाली हात घालून उचला. गळ्याखालच्या शिंगासारख्या भागाला किंवा कवचाच्या कडेला धरून ओढू नका. खाली मोटारीचा जुना टायर आडवा ठेवा आणि त्यावर कासव टेकवा. पाय जमिनीला लागत नाहीत, त्यामुळे ते पळत नाही, आणि कडेचा मोठा भाग मोकळा मिळतो. मधला भाग पाहायला एकाने एक बाजू ३० ते ४० अंश तिरपी करायची, दुसऱ्याने खालून विजेरी धरून फोटो काढायचे. बाजू सावकाश बदला. मिनिटभरात काम संपले पाहिजे. महिन्यातून एकदा पुरे.

काय बघायचे? मागच्या भागात केराटिन घासून पातळ झाले आहे का, हे सर्वांत आधी. खडबडीत सिमेंटवर रोज देह ओढला जातो आणि मागची बाजू झिजत हाडापर्यंत पोचते. चालण्याच्या वाटेवर माती किंवा रबरी चटई घाला, दाराच्या उंबऱ्याची धार गोल करा. खालून तापणारी गादी वापरत असाल तर तिला थर्मोस्टॅट हवाच आणि पृष्ठभाग ३० ते ३२ अंशांवर ठेवा, पोटही भाजते. खवल्यांच्या आतून लालसर छटा किंवा बारीक लाल ठिपके पोटभर पसरलेले दिसले तर ते झिजण्याचे लक्षण नव्हे. संसर्ग रक्तात गेलेला असू शकतो. त्यात थांबायला वेळ नसतो.

प्रश्न : सहा वर्षांचे लेपर्ड कासव, वजन ९ किलो. बाजूने दाबले की कवच किंचित दबते. खिडकीतून भरपूर ऊन मिळते. कॅल्शियम द्यायला सुरुवात करू का?

उत्तर : अगदी लहान पिल्लाचे कवच थोडे दबणे स्वाभाविक आहे, सहा वर्षांच्या कासवाचे नाही. खिडकीची काच ऊब आत येऊ देते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळे अडवते. त्याशिवाय शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेले कॅल्शियम शोषले जात नाही. म्हणून नुसती भुकटी वाढवून भागणार नाही.

आधी क्ष-किरण आणि रक्ततपासणी करून घ्या. कॅल्शियम, फॉस्फरस आणि युरिक आम्ल हे तिन्ही आकडे हवेत, कारण मूत्रपिंड बिघडले तरी हाड असेच मऊ होते आणि तेव्हा उपचार वेगळा असतो. मादी असेल तर पोटात अंडी आहेत का, तेही त्याच क्ष-किरणात कळेल. ड-३ चे थेंब स्वतःच्या मनाने देऊ नका. जास्त झाले तर कॅल्शियम हाडाऐवजी रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात साचते.

तोवर शक्य तितके काचेशिवायचे ऊन द्या, सोबत सावली असलीच पाहिजे. घरात यूव्हीबी नळी वापरत असाल तर ती उजेड देते म्हणून यूव्हीबीही देते असे समजू नका. उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी घटत जाते. मोजण्याचे यंत्र नसेल तर वर्षाला नळी बदला. मध्ये दाट जाळी असेल तर काढा. आहार मुख्यतः गवत आणि चाऱ्याचा, त्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान दुप्पट. कवच टणक होईपर्यंत कासवाला कडेने धरू नका आणि चढउताराच्या जागी सोडू नका. मऊ हाड वाकते, आणि त्याच वाकलेल्या आकारात टणक होते.

प्रश्न : कुत्र्याने कवचाची कड चावून तोडली. पशुवैद्याकडे पोचायला चार-पाच तास लागतील. तोवर काय करावे? तुकडा गोंदाने बसवला तर?

उत्तर : गोंद नको. इपॉक्सी, झटपट चिकटणारा गोंद, काहीही नको. कुत्र्याच्या तोंडातले जंतू जखमेत गेलेले असतात. वरून बंद केले की ते आत वाढतात आणि गोंद फटीत उतरला तर हाडाची दोन टोके कधीच जुळत नाहीत. दातांची छिद्रे बारीक दिसली तरी ती खोल धरायची.

रक्त येत असेल तर निर्जंतुक गॉझने पाच ते दहा मिनिटे सलग दाबून ठेवा, मधे उचलून बघू नका. मग सलाईनने धुवा. तयार सलाईन नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. २० मिलीच्या सिरिंजने धार अशी सोडा की पाणी जखमेतून बाहेर वाहील, आत साचणार नाही. एक अपवाद नीट लक्षात ठेवा. पाठीवरच्या फटीतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील तर फुप्फुस उघडे पडले आहे. तिथे पाणी ओतायचे नाही, फक्त सलाईनमध्ये भिजवून पिळलेले गॉझ ठेवून झाकायचे.

लोंबणारा तुकडा तोडू नका, त्याला रक्तपुरवठा असू शकतो. सुटून पडलेले तुकडे ओल्या गॉझमध्ये गुंडाळून सोबत न्या. जखम पूर्ण झाका, कारण उघड्या जखमेवर माश्या तासाभरात अंडी घालतात. कासवाला पाण्यात बसवू नका, दिव्याखाली ठेवू नका. २५ अंशांच्या आसपास, अंधाऱ्या पेटीत, न घसरणाऱ्या कापडावर, पोट खाली ठेवून न्या. निघण्याआधी मागचे दोन्ही पाय हलके चिमटून बघा. पाय आत ओढते का, हे पशुवैद्याला सांगा. मधल्या रेषेवर तडा असेल तर कण्याला इजा झाली आहे का, याचा अंदाज त्यावरून येतो.

वेदनाशामक आणि प्रतिजैविक आधी, जोडणी नंतर. जखम स्वच्छ झाली की तुकडे स्क्रू-तारेने किंवा कवचावर चिकटवलेल्या आकड्यांनी ओढून बसवतात, फट उघडी ठेवून रोज धुता येईल असे. हाड जुळायला अनेक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. फायबरग्लासचे पूर्ण झाकण करून देतो असे कोणी म्हटले तर विचारा, खालची जखम दिसणार कशी? आणि कासव वाढते असेल तर खवल्यांच्या सांध्यावर कायमचे बसवलेले झाकण तिथली वाढ रोखते, कवच वाकडे होते.

प्रश्न : दोन नरांच्या झुंजीत एकाचे गळ्याखालचे टोक तुटले.

उत्तर : रक्त नाही, आत फक्त केराटिन दिसते, तर धार कानशीने गोल करा आणि पुरे. रक्त किंवा हाड दिसले तर मागचे उत्तर लागू. दोन्ही नर कायमचे वेगळे ठेवा, आणि मध्ये आरपार न दिसणारी भिंत हवी. जाळीतून एकमेकांना पाहून ते जाळीवरच धडका देत राहतात.

प्रश्न : शेपटीजवळच्या कवचाच्या जखमेत अळ्या झाल्या. जनावरांना देतात ते आयव्हरमेक्टिन किती द्यावे?

उत्तर : अजिबात देऊ नका. इतर प्राण्यांना चालणारे हे औषध कासवांमध्ये पक्षाघात आणि मृत्यू घडवते. थोड्या मात्रेतही धोका आहे, तोंडाने असो, इंजेक्शनने असो की वरून लावून. पशुवैद्याला कासवांचा अनुभव नसेल तर ही गोष्ट तुम्ही आधी सांगा, संकोच करू नका. गुराढोरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओततात, तेही इथे नको.

अळ्या चिमट्याने एकेक काढा. सलाईनची धार सोडली की आतल्या वर येतात. शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या पायांच्या घड्यांत विजेरीने शोधा, पांढरी अंडी ब्रशने काढा. दर चार तासांनी पुन्हा बघा, कारण राहिलेल्या अंड्यांतून नव्या अळ्या निघतात. कासव माश्या येणार नाहीत अशा जाळीबंद खोलीत, वर्तमानपत्रावर किंवा धुतलेल्या चादरीवर ठेवा. माती आणि गवत जखम भरेपर्यंत बंद. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी अळ्या निघत असतील तर त्या कवचाच्या आत शिरल्या आहेत. भूल देऊन जखम उघडून साफ करणे हाच तेव्हा मार्ग.